कोड वाचता येतो, म्हणून दुरुस्त होतो

नक्षी विणण्याच्या मागावर भोके पाडलेली कार्डे रूढ झाली ती जोसेफ मारी जॅकार्डच्या १८०४ मधल्या यंत्रणेमुळे. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. नक्षी बिघडली, तर कारागीर कार्ड पाहून चुकीचे भोक शोधू शकतो. पुढे चार्ल्स बॅबेजने गणनयंत्रासाठी अशीच कार्डे योजली. संगणकाच्या आज्ञावलीची मुळे अशी मागापर्यंत पोहोचतात.

आज मात्र आज्ञा डोळ्यांना दिसत नाहीत. प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड माणसाला वाचता येतो. प्रोसेसरला यंत्रभाषा लागते. पहिल्यातून दुसरी घडवणे म्हणजे कंपाइल करणे. पुष्कळ कंपन्या ग्राहकाला फक्त यंत्रभाषेतली फाइल देतात. मुक्त सॉफ्टवेअर मूळ कोडही देते, त्यामुळे दुरुस्ती कुणालाही करता येते.

दुरुस्ती पाठवताना सगळा प्रोग्राम पाठवावा लागत नाही. काढलेल्या ओळीपुढे उणे, घातलेल्या ओळीपुढे अधिक, एवढ्या खुणांची छोटी फाइल पुरते. हाच पॅच. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला 'पॅच' प्रोग्राम आजूबाजूच्या ओळी जुळवून बदल योग्य जागी बसवतो. मग 'कॉन्फिगर' संगणकावर काय उपलब्ध आहे ते तपासतो, 'मेक' फक्त बदललेले भाग नव्याने कंपाइल करतो आणि 'मेक इन्स्टॉल' तयार प्रोग्राम जागेवर ठेवतो.

पण कोड खुला आहे एवढ्याने निर्धास्त राहता येत नाही. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असे जाणवले. माग काढत तो 'एक्सझेड' या फाइल-संकोचनाच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचला. त्यात चोरवाट लपवलेली होती. ती प्रोग्राममध्ये घुसवणारी कळ सार्वजनिक कोडमध्ये नव्हती. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातल्या कंपाइल करण्याच्या सूचनांत होती. सुदैवाने ती मोठ्या प्रमाणावर पसरण्याआधीच सापडली.

कंपाइल करताना झालेला फेरफार पकडण्यासाठी डेबियन या मुक्त संगणकप्रणालीसारखे प्रकल्प एकच कोड वेगवेगळ्या ठिकाणी कंपाइल करून निघालेल्या फाइली बिट-बिट जुळवून पाहतात. वेळेची नोंद किंवा फोल्डरचे नाव वेगळे असले, तरी फाइल बदलते; ते फरक आधी काढून टाकावे लागतात. हे काम किचकट आहे, पण वाचलेला कोड आणि चालणारा प्रोग्राम एकच आहेत, याची खात्री त्यातून वाढते. संगणक शिकवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने विद्यार्थ्याकडून एकदा तरी पॅच लावून घ्यावा आणि प्रोग्राम मुळापासून बांधून घ्यावा. तपासणारे हात वाढले, तरच खुल्या कोडवर विसंबता येईल.