समुद्राला कान लावणाऱ्या मुली

मराठवाड्यातील आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहा डिसेंबरला. रात्रभर गाडीत दाटीवाटीने प्रवास करायचा, दादरला उतरायचे, रांगेत उभे राहून चैत्यभूमीवर अभिवादन करायचे आणि मग लेकराबाळांना घेऊन चौपाटीच्या वाळूत घटकाभर बसायचे. आमच्या कळमनुरीहून समुद्र पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. आमची कयाधू उन्हाळ्यात कोरडी पडते. मोठे पाणी पाहायचे तर इसापूर धरणावर जायचे. त्यामुळे समुद्र म्हणजे आमच्यासाठी वर्षातून एकदा, तोही गर्दीत, दिसणारी वस्तू.

अशाच एका सहा डिसेंबरला माझी पुतणी त्या वाळूत बसून मला म्हणाली, "काका, ह्या पाण्यात डॉल्फिन असतात म्हणे. ते एकमेकांशी बोलतात. त्यांचं बोलणं ऐकायचं शिक्षण असतं का?"

मला उत्तर आले नाही. मी बी.कॉम. झालेला कारकून. जमाखर्च विचारला तर सांगेन. मी "असेल" म्हणालो आणि विषय सोडून दिला. पोरीने मात्र सोडला नाही. यंदा ती बारावी विज्ञान पास झाली आणि तिने घरात सांगून टाकले की आपण बी.एस्सी. करणार आणि पुढे हेच शिकणार.

घरात वादळ उठले. माझा थोरला भाऊ बांधकामावर सेंट्रिंगचे काम करतो. तो म्हणाला, "नर्सिंगला टाकू. दोन पैसे लवकर घरात येतील." वहिनी म्हणाल्या, "पाण्यातल्या माशाचं बोलणं ऐकून पगार कोण देणार हाय?" मग दोघेही माझ्याकडे वळले. "तुम्ही समाजाचं काम करता, चार ठिकाणी भाषणं देता. आता तुम्हीच सांगा काय करायचं."

वाचक बंधु-भगिनींनो, वहिनींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, तिथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणून मी आठ-पंधरा दिवस माहिती गोळा केली. जे हाती आले ते भावा-वहिनींना सांगितले. तेच इथे मांडतो, कारण असा प्रश्न उद्या तुमच्याही घरात उभा राहील.

मासा नव्हे, आपल्यासारखाच

पहिली गोष्ट, डॉल्फिन आणि देवमासा हे मासे नव्हेत. ते फुप्फुसाने श्वास घेतात, त्यासाठी पाण्यावर येतात. त्यांची मादी पिलाला जन्म देते आणि दूध पाजते. गाय-म्हशींसारखेच ते सस्तन प्राणी आहेत, फक्त राहतात पाण्यात.

पाण्यात नजर लांब पोचत नाही. दोनशे मीटर खाली गेले की उजेड जवळजवळ संपतो. आवाज मात्र पाण्यात झपाट्याने धावतो. हवेत आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. म्हणून या प्राण्यांनी डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त ठेवली. डॉल्फिन टकटक असा बारीक आवाज सोडतो, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्यावरून मासा कुठे, खडक कुठे हे त्याला कळते. आपसातल्या बोलण्यासाठी बऱ्याच जाती शीळ घालतात. आपल्याला सेकंदाला वीस ते वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. काही डॉल्फिनांना दीड लाख कंपनांच्या आसपासचाही येतो.

त्यांचे बोलणे म्हणजे नुसता गलका नव्हे. बाटलीसारखे तोंड असलेल्या डॉल्फिनची जात आहे. तिच्यातील प्रत्येकाची स्वतःची अशी एक खास शीळ असते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जॅनिक यांनी २०१३ साली दाखवून दिले की, डॉल्फिनला त्याच्याच शिळेची नक्कल ऐकवली तर तो उत्तर देतो. दुसऱ्याची शीळ ऐकवली तर तसे उत्तर येत नाही. गर्दीत आपल्या नावाने कोणी हाक मारली की आपण मागे वळतो, तसलाच हा प्रकार.

सिंधुदुर्गातील रोजकीर्द

हे सारे परदेशातच चालते असा माझा समज होता. तो खोटा ठरला. आपल्याच महाराष्ट्रात, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, हे काम झालेले आहे. तिथे कुबड असलेला डॉल्फिन राहतो. कोकणातील मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. हा डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वावरतो. मुंबईच्या किनाऱ्यालगतही तोच दिसतो. म्हणजे पोरगी दादरच्या वाळूत बसून जे बोलली ते खरेच होते.

ईशा बोपर्डीकर, डॉ. दीपानी सुतारिया, मिहीर सुळे, केतकी जोग, वर्धन पाटणकर आदी संशोधकांनी या डॉल्फिनच्या शिळा पाण्यात ध्वनिमुद्रित केल्या, त्यांची वर्गवारी केली आणि २०१८ साली 'मरीन मॅमल सायन्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

असे काम कसे चालते ते ऐका. होडी घेऊन समुद्रात जायचे. डॉल्फिनचा कळप दिसला की इंजिन बंद करायचे. पाण्यात चालणारा मायक्रोफोन तारेने खाली सोडायचा. त्याला हायड्रोफोन म्हणतात. मग ऐकत बसायचे आणि वहीत लिहायचे : तारीख, वेळ, जागा, कळपात किती जण, पिले किती, ते काय करीत होते, जवळ होड्या-जाळी होती की नव्हती. घरी आल्यावर संगणकावर त्या आवाजाचे चित्र काढायचे. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर आवाज किती बारीक वा जाड. शीळ चढत गेली तर चित्रात रेघ चढते, उतरली तर उतरते, थरथरली तर नागमोडी दिसते. मग एकेक शीळ पाहून सारखी सारख्यात टाकायची.

हे वाचताना मला माझाच धंदा आठवला. होडीवरची वही म्हणजे रोजकीर्द. नंतरची वर्गवारी म्हणजे खतावणी. रोजकीर्दीत एक नोंद चुकली की वर्षाचा ताळेबंद जुळत नाही. या शास्त्रात हुशारी लागते, पण त्याहून चिकाटी आणि प्रामाणिकपणा लागतो. आणि या दोन गोष्टी आपल्या लेकरांकडे नाहीत असे कोण म्हणेल?

लक्षद्वीपचे गाणे

दुसरे उदाहरण एका विद्यार्थिनीचेच आहे. दिव्या पणिक्कर ही त्या काळात अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात पीएच.डी. करीत होती. लक्षद्वीपमध्ये कोणते देवमासे आणि डॉल्फिन येतात हे शोधताना समुद्रावर नजर ठेवली गेली आणि तिथल्या लोकांच्या मुलाखतीही घेतल्या गेल्या. जो माणूस रोज समुद्रावर जातो त्याला पुष्कळ ठाऊक असते, फक्त त्याला कोणी विचारत नाही. इथे विचारले गेले.

पुढे कवरत्ती बेटाजवळ पाणबुड्यांच्या मदतीने समुद्राच्या तळाशी ध्वनिमुद्रक ठेवण्यात आले. २०१८ च्या अखेरीपासून २०२० च्या आरंभापर्यंतचे आवाज त्यांत जमा झाले. त्यांत निळ्या देवमाशाचे गाणे सापडले. निळा देवमासा म्हणजे पृथ्वीवर आजवर झालेला सर्वांत मोठा प्राणी. त्याचे गाणे एक ते तीन स्वरांचे, सेकंदाला तीस ते शंभर कंपनांचे, म्हणजे अगदी खर्जातले. ते मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत ऐकू आले. दिव्या पणिक्कर आणि तिच्या मार्गदर्शक कॅथलीन स्टॅफर्ड यांचा हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. इतका प्रचंड प्राणी, पण तो तिथे कोणत्या महिन्यांत असतो हे तळाशी ठेवलेल्या यंत्राने सांगितले.

गोव्याजवळही असेच घडले. मार्च २०१७ मध्ये ग्रँड बेटाजवळच्या ध्वनिमुद्रणात कुबड असलेल्या देवमाशाचे गाणे मिळाले. या जातीत गाणारे नर असतात. आपला अरबी समुद्र इतका बोलका आहे!

ऐकून उपयोग काय?

वहिनींचा खरा प्रश्न हा होता. उपयोग आहे. कुबडवाला डॉल्फिन आज जगभरच्या धोक्यातील प्राण्यांच्या यादीत आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. पण कायद्याने संरक्षण द्यायचे तर तो कुठे राहतो, पिले कुठे वाढवतो, हे आधी माहीत हवे. शिवाय डॉल्फिन जाळी फाडतो अशी मच्छीमारांची तक्रार असते आणि त्याच जाळ्यात अडकून डॉल्फिन मरतोही. जाळे फाटले तर नुकसान गरीब मच्छीमाराचे होते. डॉल्फिनही वाचावा आणि जाळेही वाचावे असा तोडगा काढायचा, तर दोघांचे वागणे समजून घ्यावे लागेल.

दुसरे म्हणजे गोंगाट. जहाजांच्या इंजिनांचा जाड आवाज मोठ्या देवमाशांच्या आवाजात मिसळतो आणि त्यांचे बोलणे बुडते. परीक्षेच्या दिवसांत शेजारी डीजे लावला तर आपल्या पोरांचे काय होते? तसेच ते. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत हल्ला झाला, त्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा कमी झाली. त्या काळात कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्याखालचा गोंगाट उतरला आणि तिथल्या देवमाशांच्या शरीरातील ताणाचे द्रव्यही कमी झालेले आढळले. रोझलिंड रोलँड आणि सहकाऱ्यांनी हे २०१२ साली मांडले. ताण मोजला कशावरून? पाण्यावर तरंगणाऱ्या विष्ठेवरून! शास्त्रात कोणतेही काम हलके नसते.

आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्याने या जिवांचा विचार का करावा, असे कोणी विचारील तर त्याने सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख आठवावा. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या त्या लेखात, मारू नयेत अशा प्राण्यांची यादी आहे. त्यात 'गंगापुपुटक' असे एक नाव येते. तो गंगेतला डॉल्फिन असावा असे अभ्यासक मानतात. हा डॉल्फिन जवळजवळ आंधळा असतो आणि आवाजाच्या आधारावरच जगतो. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचर ठरवले गेले. २०२५ साली जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतातील नद्यांत ६,३२७ डॉल्फिन आहेत. त्यांतले तीन सोडले तर सारे गंगेच्या जातीचे.

पगाराचे काय?

आता जमाखर्चाची दुसरी बाजूही सांगतो, कारण एकच बाजू दाखवणे ही लबाडी होईल. हा रस्ता लांबचा आहे. बी.एस्सी. तीन-चार वर्षे, एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. मधल्या काळात मिळणारी कामे बहुधा प्रकल्पापुरती, मुदतीची असतात. प्रकल्प संपला की दुसरे काम शोधावे लागते. नर्सिंगसारखी लवकर आणि ठरलेली मिळकत यात नाही.

पण वाटाही आहेत. गोवा विद्यापीठात आणि कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात समुद्राशी संबंधित शिक्षण मिळते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आपल्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पीएच.डी. करणाऱ्यांसाठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जागा मोजक्या असतात, स्पर्धा असते. पण पुष्कळदा आपली मुले स्पर्धेत हरण्याआधी कागदपत्रांत हरतात. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला हे सारे वेळेवर तयार ठेवा. हे काम मुलांचे नाही, घरातल्या मोठ्यांचे आहे.

हे सर्व ऐकल्यावर भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे लगेच पैसा नाही. पण काम खरं हाय." मी म्हणालो, "खरं आहे." वहिनींनी एक अट घातली. बी.एस्सी. करायचे, पण सोबत स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही सुरू ठेवायचा, म्हणजे एक दार बंद झाले तर दुसरे उघडे राहील. पोरीने ती मान्य केली. मला त्या अटीत शहाणपण दिसले. प्राणीशास्त्र घेऊन प्रवेशाचा फॉर्म भरला. फीच्या पहिल्या हप्त्याला थोडा हातभार मी लावला, थोडा तिच्या मामाने.

ती डॉल्फिनपर्यंत पोचेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण मी तिला घरात पडून असलेली एक कोरी खतावणीची वही दिली आहे. पहिला पाऊस पडला तेव्हापासून ती रोज संध्याकाळी नदीकाठच्या बेडकांचे आवाज मोबाईलमध्ये घेते आणि वहीत तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता हे लिहिते. तिचे म्हणणे असे की, दोन तऱ्हेचे आवाज नक्की वेगळे आहेत, तिसऱ्याबद्दल खात्री नाही. परवा वहिनीच तिला आतून हाक मारून म्हणाल्या, "अगं, आज लवकर वरडायलेत बघ, लिहिलंस का?"

पालकहो, आपले लेकरू काही विचित्र वाटणारे विचारील तेव्हा त्याला लगेच गप्प करू नका. "असेल" म्हणून विषयही सोडू नका, जसा मी सोडला होता. आठ दिवस मागून घ्या, माहिती काढा, खर्चाचा आणि मिळकतीचा हिशेब मांडा आणि मग घरात सर्वांनी बसून ठरवा. पाण्याखालच्या मुक्या वाटणाऱ्या जिवांचे ऐकून घेणारी माणसे आहेत. आपल्या घरातल्या बोलणाऱ्या लेकरांचे तरी आपण ऐकून घेऊ.