ट्रकच्या एअर सस्पेंशनला गेज लावताय? मग हे वाचाच

पुण्याहून बंगळुरूला चांगल्या एसी बसने रात्रीचा प्रवास केला असेल, तर तुम्हाला एक गोष्ट नक्की जाणवली असेल. रस्ता कसाही असो, पोटातलं पाणी हलत नाही. कारण अशा बसच्या चाकांवर लोखंडी पाट्यांऐवजी जाड रबराचे, हवेने भरलेले फुगे असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘बेलो’ म्हणतात आणि या सगळ्या व्यवस्थेला एअर सस्पेंशन.

अमेरिकेत आणि युरोपात मोठ्या ट्रकला बेलो असणं ही नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडे बहुतेक ट्रक अजून पाट्यांवरच धावतात. पण नाजूक माल नेणाऱ्या गाड्या आणि काही ट्रेलर आता बेलोवर येऊ लागले आहेत. अशी गाडी तुमच्या घरात असेल, तिचे हप्ते तुम्हीच भरत असाल, तर एका छोट्याशा घड्याळासारख्या वस्तूबद्दल तुम्हाला माहिती हवी. ती वस्तू म्हणजे प्रेशर गेज.

हवा वजन कसं सांगते?

बेलोवरच्या गाडीत चासी आणि ॲक्सल यांच्यामध्ये एक हाइट व्हॉल्व्ह असतो. त्याला एक छोटी दांडी असते. माल चढला की चासी खाली बसते, दांडी वर होते आणि व्हॉल्व्ह बेलोत आणखी हवा सोडतो. चासी पुन्हा ठरलेल्या उंचीवर आली की हवा थांबते. माल उतरवला की उलट घडतं, जास्तीची हवा बाहेर पडते.

गंमत इथेच आहे. उंची कायम राहते, म्हणून जेवढं वजन जास्त, तेवढा बेलोतला दाब जास्त. हा दाब दाखवणारं गेज बसवलं की ड्रायव्हरला त्या ॲक्सलवर अंदाजे किती वजन आहे हे माल भरतानाच कळतं. अमेरिकेतले ट्रकवाले अनेक वर्षांपासून हेच करतात. तिकडे ट्रकच्या एका ॲक्सलला २०,००० पौंड, जोड ॲक्सलला ३४,००० पौंड आणि पूर्ण गाडीला ८०,००० पौंड अशी राष्ट्रीय महामार्गांवरची मर्यादा आहे. एकूण वजन नियमात असूनही माल मागे जास्त भरला गेला म्हणून मागचा जोड ॲक्सल मर्यादा ओलांडतो, असं तिथे वारंवार होतं. मग ड्रायव्हर ट्रेलरची मागची चाकं पुढे-मागे सरकवून वजन वाटून घेतात. गेज असेल तर हे काम गोदामाच्या दारातच उरकतं.

आपल्याकडेही मर्यादा आहेतच. २०१८ मध्ये त्या वाढवल्या गेल्या आणि चार टायरच्या एका ॲक्सलला ११.५ टन, जोड ॲक्सलला २१ टन झाल्या. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये इतका केला. शिवाय जास्तीचा माल स्वतःच्या खर्चाने उतरवावा लागतो. एकाच ट्रकवर घर चालणाऱ्यांसाठी हा महिन्याचा हिशेब कोलमडवणारा आकडा आहे. आणि दंड एकवेळ भरता येतो. घाटात उतारावर, जास्त वजनाने तापलेले ब्रेक ऐन वेळी लागले नाहीत, तर त्याची भरपाई कोण करणार?

गेज नेमकं कुठे जोडायचं?

बहुतेक घोळ इथेच होतो. टाकीतून हवा हाइट व्हॉल्व्हपर्यंत येते आणि तिथून पुढे बेलोत जाते. गेजचा टी-जोड या दुसऱ्या भागात, म्हणजे व्हॉल्व्ह आणि बेलो यांच्यामध्ये बसायला हवा. टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बसवलात तर काटा टाकीचाच दाब दाखवत राहील, गाडी रिकामी असो वा भरलेली.

ब्रेकच्या पाइपला तर हात लावायचाच नाही. ट्रकचे ब्रेकही हवेवरच चालतात. सस्पेंशन फुटलं तरी ब्रेकची हवा शिल्लक राहावी म्हणून मध्ये एक संरक्षक व्हॉल्व्ह दिलेला असतो. गेजची जोडणी त्याच्या पुढे, सस्पेंशनच्या बाजूलाच हवी. ‘इथून सोपं पडतं’ म्हणून ब्रेकच्या लाइनवर जोड मारणारा मेकॅनिक भेटला, तर नम्रपणे दुसरा शोधा.

काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा आणि चासीला खालून भक्कम आधार द्या. बेलोतली हवा सोडली की चासी धाडकन खाली येते. खाली माणूस असेल तर जीवावर बेततं. त्यामुळे आधाराशिवाय खाली शिरणं नाही, मेकॅनिक कितीही अनुभवी असला तरी.

हवा पूर्ण सोडल्यावरच नळी कापायची, तीही सरळ. तिरकी कापलेली नळी जोडात नीट बसत नाही आणि तिथूनच पुढे हवा गळते. नळी टोकापर्यंत दाबून बसवा आणि एकदा ओढून पाहा. ती सायलेन्सरपासून आणि फिरणाऱ्या शाफ्टपासून लांब न्या, जागोजागी क्लिपने बांधा. केबिनच्या पत्र्यातून आत घेताना भोकाला रबरी बुश हवाच, नाहीतर पत्र्याची धार काही महिन्यांत नळी चिरते.

गेज केबिनमध्ये हवं की बाहेर चासीवर? बाहेर लावलं तर काम सोपं होतं, माल भरणारा माणूसही ते पाहू शकतो. पण चालत्या गाडीत दाब कळायला हवा असेल तर केबिनच बरी. मला विचाराल तर केबिन, कारण बेलोला बारीक छिद्र पडलं तर ड्रायव्हरला ते काट्यावरून लवकर समजतं. बाहेर लावणार असाल तर ग्लिसरीन भरलेलं गेज घ्या, म्हणजे हादऱ्यांनी काटा थरथरत नाही.

शेवटी गळती तपासायची. घरी गॅस सिलिंडर बदलल्यावर रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बघतो ना, अगदी तसंच. हवा भरा, प्रत्येक जोडाला फेस लावा. बुडबुडे आले की तो जोड पुन्हा बसवायचा.

आता गेजला वजन शिकवा

नवं गेज फक्त दाब दाखवतं, वजन नाही. त्यासाठी एकदा वजनकाट्यावर जावं लागतं. गाडी रिकामी असताना ॲक्सलचं वजन करा आणि गेजवरचा आकडा लिहा. मग भरलेल्या गाडीने तेच करा. समजा, रिकाम्या गाडीत २० पीएसआयला ६ टन आले आणि भरलेल्या गाडीत ६० पीएसआयला १४ टन. म्हणजे ४० पीएसआयमागे ८ टन वाढले, एका पीएसआयमागे २०० किलो. उद्या काट्याने ५० दाखवले तर अंदाजे १२ टन. हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून आहेत. प्रत्येक गाडीचे वेगळे असतात, शेजारच्या ट्रकचा कागद आपल्या ट्रकला चालत नाही. ही नोंद केबिनमध्ये, सन व्हायझरच्या मागे चिकटवून ठेवा.

वाचन घेताना गाडी सपाट जागी हवी आणि चाकांना ठोकळे लावून ब्रेक सोडलेले हवेत. ब्रेक लागलेले असतील तर सस्पेंशन अडकून राहतं आणि काटा चुकीचं सांगतो. मिनिटभर थांबा, काटा स्थिर होऊ द्या.

एक लक्षात असू द्या, गेज फक्त त्याच बेलोच्या ॲक्सलबद्दल बोलतं. पुढचा ॲक्सल पाट्यांवर असेल तर त्याचं वजन इथे दिसणार नाही. रिकाम्या ट्रकची काही चाकं अधांतरी लटकलेली पाहून मुलं प्रश्न विचारतात, त्या लिफ्ट ॲक्सललाही हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. तिथली हवा बहुधा ठरावीक दाबाला बांधलेली असते. पोलिसांसमोरही वजनकाट्याचीच पावती चालते, तुमचं गेज नाही. त्यामुळे मर्यादेच्या काठावर माल भरायचा मोह टाळा, थोडी जागा सोडा.

गाडी वॉरंटीत असेल तर जोडणीआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. आणि पुढे कधी बेलो किंवा हाइट व्हॉल्व्ह बदलला, तर जुना कागद फाडा आणि पुन्हा एकदा रिकामी आणि भरलेली गाडी काट्यावर न्या.