महामारीतील सरकारी कर्जे : तहकुबी कोणती आणि माफी कोणती

गोंदिया जिल्ह्यातील पुष्कळ कास्तकारांच्या घरी आज शेतीच्या जोडीस एखादा लहानमोठा धंदा असतो. कोणाच्या मुलाची राईस मिल, कोणाची पिठाची गिरणी, कोणाचे आमगाव वा तिरोड्याच्या रस्त्यावर कृषी केंद्र, कोणाचे दुधाचे संकलन. २०२० साली कोरोनाची महामारी आली आणि या धंद्यांस सरकारने व बँकांनी जे साहाय्य दिले, त्याविषयी आमच्या कास्तकार बंधूंच्या मनात अजूनही मोठा घोटाळा आहे. "ते तर सरकारी कर्ज होते, त्याची माफी केव्हा निघणार?" हा प्रश्न प्रस्तुत लेखकास महसुलाच्या नोकरीत असताना अनेकांनी केला व निवृत्तीनंतरही करतात. प्रश्न करणारे अडाणी नव्हेत. सातबारा वाचणारे, सोसायटीचा व्यवहार जाणणारे आहेत. सबब ही कर्जे मुळात काय होती, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य वाटते.

महसुलाच्या कामात दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. एक तहकुबी व दुसरा माफी. पीक बुडाले म्हणजे सारा तहकूब होतो. म्हणजे आज न घेता पुढे घेतला जातो. माफी झाली तरच तो सुटतो. जुन्या तगाईचाही असाच प्रकार होता. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा व १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा यांखाली बैल, बियाणे, विहीर यांसाठी सरकार रक्कम देई आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करी. १९१८ साली मध्यप्रांतात इन्फ्लुएन्झाची साथ आणि पावसाची ओढ एकाच वर्षी आली. तेव्हा आपला मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. त्या वेळीही सरकारी मदत म्हणजे मुख्यतः तगाई आणि साऱ्याची तहकुबी, हेच होते. आपत्ती मोठी म्हणून कर्ज आपोआप दान होत नाही, हा भेद त्या पिढीस अनुभवाने ठाऊक होता.

२०२० च्या मार्च महिन्याच्या २५ तारखेपासून देशात टाळेबंदी लागली. धान्याचा व्यवहार कागदोपत्री बंद नव्हता. तरी हमाल गावी गेले, वाहने अडली, बंगालमधील तागाच्या गिरण्या बंद राहिल्याने बारदान्याची टंचाई पडली. मिल थांबली तरी कॅश क्रेडिट खात्याचे व्याज आणि विजेचा स्थिर आकार थांबत नाही. अशा स्थितीत रिझर्व्ह बँकेने २७ मार्च रोजी बँकांस परवानगी दिली, की त्यांनी १ मार्चपासून तीन महिने हप्ते पुढे ढकलावेत. पुढे ही मुदत ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढली. यालाच मोरॅटोरियम म्हणत.

हा मोरॅटोरियम म्हणजे निव्वळ तहकुबी होती आणि तीही साऱ्याच्या तहकुबीहून कडक. तहकूब साऱ्यावर व्याज चढत नसे. येथे ते रोज चढत होते. समजा, एका गिरणीवाल्याकडे १० लाख रुपये बाकी होती आणि व्याजाचा दर शेकडा १० होता. सहा महिन्यांचे साधे व्याज ५०,००० रुपये झाले. ते त्याने मागाहून भरावयाचेच होते. त्या व्याजावर पुन्हा व्याज लागले तर ही रक्कम सुमारे ५१,०५३ रुपये होते. व्याजावरील व्याजाचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयात प्रकरण चालू असता केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये २ कोटींपर्यंतच्या ठरावीक आठ प्रकारच्या कर्जांवर हा फरक आपल्या पदरून दिला. २३ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की त्या सहा महिन्यांसाठी कोणत्याही कर्जदाराकडून व्याजावर व्याज घेऊ नये आणि त्यास २ कोटींची मर्यादा नसावी. मात्र संपूर्ण व्याज माफ करण्याची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. वरच्या उदाहरणातील गिरणीवाल्यास या सगळ्या खटाटोपातून मिळाले १,०५३ रुपये. ५०,००० त्याच्याच शिरावर राहिले. वर्तमानपत्रात "व्याजमाफी" असा मथळा आला तो या हजार रुपयांविषयी होता, हे पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. ऑक्टोबरच्या त्या आठ प्रकारांत लहान उद्योग, शिक्षण, घर, वाहन वगैरे कर्जे होती. पीककर्ज व ट्रॅक्टरचे कर्ज नव्हते. यावरून सरकारच्या मनात या धंद्यांचा व शेतीचा विचार वेगळा होता, असे दिसते.

दुसरी मोठी योजना मे २०२० मध्ये निघाली. तिचे नाव आपत्कालीन पतपुरवठा हमी योजना. बँकेत तिला ई.सी.एल.जी.एस. म्हणत. आरंभी तीन लाख कोटी रुपयांची मर्यादा होती, पुढे ती पाच लाख कोटींपर्यंत नेली आणि योजना ३१ मार्च २०२३ रोजी संपली. तिचा मूळ नियम असा : २९ फेब्रुवारी २०२० रोजी धंद्याच्या कर्जाची जी बाकी असेल तिच्या शेकडा २० इतके नवे कर्ज मिळावे, नवे तारण मागू नये, हमीची फी घेऊ नये, बँकेने शेकडा ९.२५ हून अधिक व्याज लावू नये. चार वर्षांत फेड व्हावी आणि त्यांपैकी पहिले वर्ष मुद्दल मागू नये. ज्याचे खाते त्या तारखेस ६० दिवसांहून अधिक थकलेले होते, त्यास ही सवलत नव्हती.

१० लाख बाकी असणाऱ्यास २ लाख मिळाले असे धरू. पहिल्या वर्षी मुद्दल नाही, पण व्याज महिन्याच्या महिन्यास द्यावयाचे होते. ते सुमारे १,५४२ रुपये, वर्षाचे १८,५०० होते. दुसऱ्या वर्षापासून ३६ महिने सुमारे ६,३८० रुपयांचा हप्ता. याखेरीज जुन्या १० लाखांचा बोजा होताच. पहिल्या वर्षी हलके वाटलेले ओझे दुसऱ्या वर्षी एकदम चौपट झाले. त्यातच २०२१ च्या उन्हाळ्यात साथीची दुसरी, अधिक भयंकर लाट आली. हप्ते चुकण्यास प्रारंभ झाला तो बहुधा येथूनच.

आता मुख्य गैरसमजाकडे येतो. "सरकारने शंभर टक्के हमी घेतली आहे" हे वाक्य त्या वेळी सर्वतोमुखी होते. ते खरेही होते. परंतु हमी कोणाला? बँकेला. सरकारी हमी कंपनीने बँकेस असे लिहून दिले, की कर्जदाराने बुडविले तर तुमचे नुकसान आम्ही भरून देऊ. कर्जदारास तिने काहीही लिहून दिले नाही. बँकेस हमीची रक्कम मिळाली तरी कर्जदाराचे देणे उभेच राहते, वसुली चालूच राहते आणि जे वसूल होईल ते हमी कंपनीस परत करावे लागते. हे ज्याने प्रथमच समजून घेतले त्याने हात राखून कर्ज उचलले. ज्याने हमीचा अर्थ माफीची पूर्वतयारी असा केला, त्याने काही ठिकाणी ते पैसे ट्रॅक्टरच्या हप्त्यात आणि लग्नात घातले.

२९ फेब्रुवारी या तारखेचा परिणामही ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याचे बँकेत धंद्याचे खाते चालू होते त्यालाच ही योजना लाभली. जो सावकाराकडून वा आडतीवर उचल घेऊन धंदा चालवीत होता, त्याची बाकी कोणत्याच बँकेच्या वहीत नव्हती. मग तिचे शेकडा २० काढणार कोठून? खरी गरज याच वर्गास अधिक होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांच्यापैकी हातगाडीवाले व बाजारात भाजी घेऊन बसणारे यांच्यासाठी १ जून २०२० रोजी स्वनिधी योजना निघाली. तीत प्रथम १०,००० रुपये, ते वेळेवर फेडल्यास पुढे २०,००० व नंतर ५०,००० मिळत आणि वेळेवर भरणाऱ्यास शेकडा ७ व्याज सरकार खात्यात जमा करी. गावाहून येऊन शहरात विकणाऱ्यांसही नगरपालिकेच्या शिफारसपत्रावर ती खुली होती. मुद्रेच्या शिशु वर्गात, म्हणजे ५०,००० पर्यंतच्या कर्जात, नियमित भरणाऱ्यास बारा महिने शेकडा २ व्याज परत मिळाले. या रकमा लहान, परंतु त्यांनी माणसाचे नाव बँकेच्या वहीत आले, आणि पुढच्या आपत्तीत तेच उपयोगी पडते.

आता जमिनीविषयी, कारण आमच्या वाचकांस खरे भय तिचेच असते. मुलाच्या मिलसाठी वडिलांनी जामीन राहणे व शेत गहाण देणे ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात अन्यथा नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते. "मी तर फक्त सही केली" हे म्हणणे चालत नाही.

येथे कास्तकाराची एक सवय त्यास दगा देते. पीककर्जात अल्प मुदतीच्या पिकास दोन हंगाम देणे राहिले तर खाते बुडीत धरतात. भात पिकविणाऱ्यास हा हिशेब अंगवळणी पडलेला असतो. धंद्याच्या कर्जात मात्र ९० दिवस देणे थकले की खाते बँकेच्या भाषेत एन.पी.ए. होते. खरिपाचे धान विकून भरू म्हणून थांबणाऱ्या मिलवाल्यास ही मुदत पुरत नाही.

खाते असे झाले म्हणजे २००२ च्या सरफेसी कायद्याखाली नोटीस येते आणि ६० दिवसांत रक्कम मागितली जाते. पुढे बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४ खाली अर्ज करते आणि ताबा घेण्यास महसुलाचीच माणसे जातात. शेतजमिनीस हा कायदा लागू नाही. परंतु ज्या तुकड्यावर मिल उभी आहे तो अकृषिक झालेला असतो; त्यास तो लागू होतो. सातबाऱ्यावर केवळ शेती लिहिली असणेही पुरेसे नाही. प्रत्यक्ष शेती होत असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे. शिवाय शेत सरफेसीतून सुटले तरी बँकेस दिवाणी न्यायालय, वा २० लाख व त्याहून अधिक रकमेसाठी कर्जवसुली न्यायाधिकरण, हे मार्ग मोकळे आहेतच.

नोटीस आली तर ती घडी करून कपाटात ठेवू नये. ६० दिवसांच्या आत लेखी हरकत दिली, तर बँकेने ती मान्य न केल्यास १५ दिवसांत कारणासह उत्तर देणे तिजवर बंधनकारक आहे. हरकतीत खात्याचा उतारा मागावा आणि त्यात मार्च ते ऑगस्ट २०२० चे व्याज कसे लावले, न्यायालयाच्या निकालाप्रमाणे फरक जमा झाला की नाही, वाढीव कर्जाचे खाते वेगळे दाखविले की जुन्यात मिसळले, हे तपासावे. बँकेने ताबा घेण्यासारखे पाऊल टाकलेच, तर ४५ दिवसांच्या आत न्यायाधिकरणात दाद मागता येते. नागपूरला असे न्यायाधिकरण आहे.

ज्यांचे कर्ज फिटले आहे त्यांनीही एक काम राहू देऊ नये. बँकेचा कर्जफेडीचा दाखला घेऊन तलाठ्याकडे, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यावा व इतर हक्कातील बोजा कमी करून घ्यावा. हा अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. बँकेने खाते बंद केले म्हणजे सातबारा आपोआप कोरा होतो, असे समजून वर्षानुवर्षे बोजा तसाच ठेवलेले अनेक उतारे लेखकाने पाहिले आहेत. वाटणी वा विक्रीच्या वेळी मग धावाधाव होते. तोवर शाखा बदललेली असते, जुनी वही सापडत नाही. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून बोजाची ओळ खरोखर गेली की नाही हे डोळ्यांनी पाहावे, व दाखल्याची मूळ प्रत घरी ठेवावी.