फावल्या वेळात शिडाची होडी

सोलापुरात शिडाच्या होडीची गोष्ट काढली, तर कोणालाही हसू येईल. समुद्र येथून दूर आहे. परंतु १९८० साली भीमेवरील उजनीचे धरण पुरे झाले आणि जिल्ह्याच्या दाराशी पाणी आले. शीड म्हणजे तर कापडच. आणि कापडाविषयी सोलापूरकरांना कोणी काय शिकवावे!

होडी म्हणजे आधी कणा, मग फासळ्या, मग त्यांवर वाकवून बसवलेल्या फळ्या, अशी सुतारकामाची जुनी रीत. १९६३ साली इंग्लंडात जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेल्या ‘मिरर’ होडीने हा क्रम बदलला. होडी जेमतेम ११ फूट लांब. प्लायवूडचे तक्ते आधी सपाट जमिनीवर कापायचे, कडांना भोके पाडायची आणि ते तांब्याच्या तारेने चक्क शिवायचे. कडा वक्र कापलेल्या असल्यामुळे टाके आवळताच सपाट लाकडाला बाक येतो. मग सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवायची. ही शिंप्याचीच विद्या होय : चोळीचा आकार कापडात नसतो, बेतण्यात असतो. अशा ७० हजारांहून अधिक होड्या झाल्या. त्यांतील पुष्कळ हौशी माणसांनी घरीच बांधल्या.

शिडाचेही तसेच. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढले तर फारसे ताणत नाही. तिरके ओढले की ताणते आणि शिडाचा घाट बिघडतो. म्हणून शिडाच्या मागच्या मोकळ्या कडेला, जेथे ओढ फार, धागे समांतर येतील असे ते बेततात. होडीच्या पोटातून पाण्यात उतरवलेली फळी तिला वाऱ्याने आडवे सरकू देत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी वाटेवर उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने प्रवासी होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. धरणाचे पाणी दिसते शांत, पण वळवाचा वारा सांगून येत नाही. म्हणून ‘मिरर’प्रमाणे होडीत हवाबंद कप्पे ठेवावेत, होडी पाण्याने भरली तरी तरंगते आणि माणसाला धरायला आधार राहतो. अंगात तरंगते जाकीट हवेच. पाटबंधारे खात्याची परवानगी घ्यावी. पहिल्या दिवशी काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात, होडी मुद्दाम उलटवून पाहावी आणि पुन्हा सरळ करण्याचा सराव करावा.

इतके झाल्यावरच शीड उभारावे. रविवारमागून रविवार खर्चून बांधलेल्या होडीची परीक्षा वाऱ्याने घेण्याआधी आपणच घेतलेली बरी.