गंगावनाची लाज कशाला?

२०२४ संपता संपता अकोल्याशेजारच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लहानथोरांचे केस अचानक गळू लागले. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु पदराआड डोके लपविणाऱ्या बाईचे दुःख त्या चर्चेत मावले नाही. केस ही केवळ नटण्याची बाब नव्हे, हे मात्र त्या निमित्ताने उमगावयास हवे होते. मग विरळ केसांच्या बाईने अमरावतीच्या बाजारात गंगावन मागताना आवाज का खाली आणावा?

गंगावन आपल्याकडे जुनेच आहे. कृत्रिम धाग्याचे स्वस्त असते, पण उष्णतेने खराब होते. मानवी केसांचे महाग, पण निगा राखल्यास टिकाऊ. नवशिकीने वजनाने हलके, रंगाने व पोताने आपल्या केसांशी जुळणारे निवडावे. वेणी प्रथम तीन पेडांचीच शिकावी: उजवा पेड मधल्यावरून, मग डावा मधल्यावरून, आणि ताण सर्वत्र सारखा. घट्ट आवळण्याचा मोह मात्र टाळावा. सततच्या ओढीने मुळे दुबळी होतात आणि जे झाकावयाचे तेच वाढते. गळलेले केस नव्याने उगवत असतील, तर गंगावनाला थांबू द्यावे.

खोटे केस म्हणून हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तिरुपतीला वाहिलेल्या केसांचाही लिलाव होतो आणि घरोघरचे गुंतवळही फेरीवाले विकत नेतात. एकीने टाकलेल्या केसांतून दुसरीची वेणी उभी राहते. त्यात खोटे ते काय?