बाराशे बोआ

कोल्ट कंपनीला आपल्या रिव्हॉल्व्हरना सापांची नावे द्यायची हौस. १९५० मध्ये कोब्रा आले, १९५५ मध्ये पायथन, १९६६ मध्ये डायमंडबॅक. ही सगळी कंपनीच्या नेहमीच्या मालातली. अमेरिकेतल्या कुठल्याही परवानाधारक दुकानदाराने मागवावीत आणि विकावीत. १९८५ साली मात्र हार्टफर्डच्या कारखान्यातून असा एक साप बाहेर पडला, जो एकाच गिऱ्हाइकासाठी जन्मला होता. त्याचे नाव बोआ. नग १,२००, निम्मे चार इंची नळीचे, निम्मे सहा इंची. सगळेच्या सगळे मॅसॅच्युसेट्समधल्या ल्यू हॉर्टन या घाऊक वितरकाने उचलले.

आज बोआ लिलावात आले की बोली पाच आकडी डॉलरांत जाते. यंत्र म्हणून पाहिले तर त्यात नवे फारसे नाही. सांगाडा मार्क फाइव्ह जातीचा, म्हणजे ट्रूपर या कोल्टच्याच साध्या, कष्टाळू रिव्हॉल्व्हरचा. नळी पायथनच्या वळणाची: वर झरोक्यांची पट्टी, खाली तोंडापर्यंत गेलेले जड पोलाद. दोन्ही गोष्टी ओळखीच्या, पण त्यांची ही जोड फक्त त्या बाराशे नगांत सापडते. पुढच्याच वर्षी किंग कोब्रा आले आणि ते सर्वांसाठी खुले होते.

हा व्यवहार चालतो कसा, ते कळले की संग्राहकांची ओढही कळते. अमेरिकेत बंदूक बहुधा तीन हातांतून जाते: कारखाना, घाऊक वितरक, परवानाधारक दुकानदार. वितरकाची अडचण अशी, की त्याच्या गोदामात जे आहे तेच शेजारच्या वितरकाच्या गोदामातही आहे. मग उरते ती फक्त भावाची चढाओढ, आणि तिच्यात नफा झिजत जातो. म्हणून तो कारखान्याकडे जाऊन सांगतो: नळी एवढी, पॉलिश असे, मूठ अशी, काडतूस हे; इतके नग घेण्याची हमी माझी, पण दुसऱ्या कोणाला द्यायचे नाहीत. येवल्याच्या विणकराकडून एखाद्या पेढीने फक्त आपल्यासाठी पदराची नक्षी विणून घ्यावी, तसा हा करार. नवे वळण काढायचे म्हणजे यंत्रांची मांडणी बदलणे, नळीवरचा शिक्का बदलणे, हिशेबात नवा क्रमांक उघडणे आले. हमी असल्याशिवाय कारखाना त्यात पडत नाही. माल पडून राहिला तर तोटा वितरकाचा. एकट्याला हे पेलत नाही म्हणून काही घाऊक व्यापारी एकत्रही आले. टालो हे त्यांच्या अशा गटाचे नाव टेक्सास, आर्कान्सा, लुइझियाना आणि ओक्लाहोमा या चार राज्यांच्या आद्याक्षरांवरून पडले.

ही रीत बोआपेक्षा जुनी आहे. १९६१ च्या सुमारास सेंटेनियल आर्म्स या व्यापाऱ्याने कोल्टकडून आखूड नळीची शेरीफ मॉडेल रिव्हॉल्व्हर बनवून घेतली: निळ्या झिलईची ४७८ आणि निकेलची फक्त २५. १९६४ मध्ये वायोमिंग राज्याच्या पंचाहत्तरीसाठी विंचेस्टरने आपल्या प्रसिद्ध ९४ मॉडेलच्या सुमारे दीड हजार खास रायफली काढल्या. त्या विकल्या मोंटानातल्या बिलिंग्ज हार्डवेअर या पेढीने. तिथून विंचेस्टरला स्मारक-बंदुकांची गोडी लागली आणि तिने प्रमाण सोडले. १९६६ ची शताब्दी रायफल लाखाच्या वर निघाली, १९६८ ची बफेलो बिल रायफलही तशीच. लोकांनी त्या खोक्यासकट जपून ठेवल्या, मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील म्हणून. सगळ्यांनीच जपल्या, त्यामुळे दुर्मीळ कोणतीच झाली नाही. त्या घरांचे मला मनापासून वाईट वाटते. सोनेरी पदक बसवले म्हणजे मोल वाढते, असे त्यांना सांगणारे बरेच होते.

माझ्या मते खरी मोलाची वितरक-बंदूक वेगळी. कारखान्याने कधी न ऐकलेली मागणी तिच्यात पुरी झालेली असते. याचे सर्वात सुंदर उदाहरण रूगरचे. १९५५ मध्ये रूगरने .३५७ मॅग्नम काडतुसासाठी ब्लॅकहॉक हे मध्यम सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याच आटोपशीर सांगाड्यात .४४ स्पेशल हे जुने, सौम्य काडतूस बसावे, अशी जाणकारांची इच्छा होती. तेवढ्यात .४४ मॅग्नम आले, त्याच्या ताकदीला मोठा सांगाडा लागला आणि .४४ स्पेशल मागेच राहिले. पुढे कित्येक वर्षे लोक कारागिराकडून आपले .३५७ कोरून घेऊन हौस भागवत. स्कीटर स्केल्टन या नामांकित शस्त्रलेखकाने त्यावर फार प्रेमाने लिहिले. २००५ मध्ये पन्नाशीनिमित्त रूगरने जुना मध्यम सांगाडा पुन्हा आणला, तेव्हा लुइझियानाच्या लिप्सीज या वितरकाने संधी ओळखली. २००९ मध्ये त्यांच्या मागणीवरून रूगरचे मध्यम सांगाड्याचे .४४ स्पेशल अखेर दुकानांत आले. ते पाहायला स्केल्टन नव्हते. १९८८ मध्येच ते गेले होते.

संग्राहकाचा निम्मा जीव कागदात असतो. खोके मूळचे हवे, त्याच्या टोकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. रिव्हॉल्व्हर किती वापरले, हे सिलिंडरभोवती उमटलेली बारीक रेघ आणि त्याच्या तोंडावरचे जळके डाग सांगतात. शेवटचा शब्द कोल्टच्या दप्तराचा. फी भरली की कंपनी अधिकृत पत्र देते: हा क्रमांक कोणत्या दिवशी कारखान्यातून निघाला, कोणत्या रूपात आणि कोणाकडे रवाना झाला. वितरकासाठी घडवलेल्या नगाला याच पत्राने कूळ मिळते. नळी बदलून दुर्मीळ भासवलेला नग इथेच उघडा पडतो. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातली शस्त्रे पाहताना मला हे पत्र हटकून आठवते. ही मूठ कोणी घडवली, कोणाच्या सांगण्यावरून घडवली, हे जाणून घ्यायला मी काय वाटेल ते देईन.

भारतात हा छंद जवळजवळ अशक्य. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही साधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात. अमेरिकेत कायदा संग्रहाला वेगळी वाट देतो. पन्नास वर्षे पुरी झालेली, मूळ रूपातली बंदूक तिथे संग्राह्य वस्तू मानली जाते आणि तिच्यासाठी संग्राहकाचा निराळा परवाना मिळतो. बोआला ती पन्नाशी २०३५ मध्ये लागेल.

नव्याने जमवू पाहणाऱ्याने झेंडे आणि घोषवाक्ये कोरलेल्या बंदुकांवर पैसे घालू नयेत, असे मला स्पष्ट वाटते. वितरकाने कोणाचे गाऱ्हाणे ऐकले, ते पाहावे. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरच्या कुशीत किल्लीच्या कुलपाचे भोक आले, तेव्हापासून दोन दशके गिऱ्हाइके कुरकुरत होती. २०२४ च्या जानेवारीत लिप्सीजने त्याच कंपनीकडून खिशात मावणारी अल्टिमेट कॅरी मालिका बनवून घेतली: कुलूप काढलेले, नेम धरायला ठसठशीत खुणा, आणि काही नगांत .३२ एच अँड आर मॅग्नम हे विस्मरणात चाललेले काडतूस, त्यामुळे पाचाऐवजी सहा गोळ्या. ही मालिका मोजक्या नगांची नाही. लोक ती कपाटात ठेवायला घेत नाहीत, रोज कमरेला लावायला घेतात. त्यामुळे खोके, चिठ्ठी आणि पावतीसकट कोरा राहिलेला नग पुढे शोधावाच लागेल.