घरचे ६९ विजय आणि विजेतेपदाचा वेगळा हिशेब

फेब्रुवारी २००७ ते जानेवारी २०११ या काळात अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने घरच्या मैदानावर लागोपाठ ६९ सामने जिंकले. जवळपास चार वर्षे लॉरेन्स शहरातल्या ॲलन फील्डहाउसमधून एकही पाहुणा संघ जिंकून गेला नाही. २२ जानेवारी २०११ रोजी टेक्सासने ७४-६३ अशी मात केली आणि मालिका थांबली.

ही एकच मालिका असती तर तिचे श्रेय त्या चार वर्षांतल्या खेळाडूंना देऊन मोकळे होता आले असते. पण १९८४ ते १९८८ मध्ये ५५ आणि १९९४ ते १९९८ मध्ये ६२ विजयांच्या मालिका याच क्रीडागृहात झाल्या. तिन्ही मिळून १८६ सामने. प्रशिक्षक तिन्ही वेळी वेगळे होते: लॅरी ब्राउन, रॉय विल्यम्स आणि बिल सेल्फ. खेळाडूही अर्थातच वेगळे. न बदललेली गोष्ट म्हणजे ती इमारत आणि तिथे जमणारी माणसे. शहराची लोकसंख्या सुमारे ९५ हजार, क्रीडागृहाची क्षमता दीर्घकाळ १६,३००. म्हणजे सामन्याच्या दिवशी शहरातल्या दर सहा माणसांमागे एकाला पुरेल एवढी जागा. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी इथल्या प्रेक्षकांचा आवाज १३०.४ डेसिबल मोजला गेला आणि बंदिस्त क्रीडागृहातला तो विक्रम ठरला.

आता हिशेबाचा दुसरा स्तंभ, विजेतेपदांचा. १ मार्च १९५५ रोजी फील्डहाउस उघडले. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत कॅन्ससने राष्ट्रीय विजेतेपद तीनदा मिळवले: १९८८, २००८ आणि २०२२. चौथे, १९५२ चे, इमारतीच्या आधीचे. राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीची असते आणि यांपैकी एकही अंतिम सामना घरी झाला नाही. घरची मालिका आणि विजेतेपद यांची सांगड फक्त २००८ मध्ये बसते. ६२ विजयांच्या मालिकेतून एकही विजेतेपद आले नाही; १९९६-९७ चा संघ ३४ विजय आणि २ पराभव अशा नोंदीनिशी संपला, त्यातला दुसरा पराभव ॲरिझोनाकडून ८५-८२ असा, तीन गुणांनी. पुढे ॲरिझोनाच विजेता ठरला.

१९८८ चे आकडे सर्वांत बोलके आहेत. त्या हंगामात कॅन्ससने २७ सामने जिंकले आणि ११ गमावले. इतके पराभव पत्करून विजेता ठरलेला दुसरा संघ नाही. जानेवारीच्या अखेरीस कॅन्सस स्टेटने ५५ विजयांची मालिका घरातच मोडली. पुढच्या तीन आठवड्यांत ओक्लाहोमा आणि ड्यूक हेही लॉरेन्समध्ये येऊन जिंकून गेले. राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या तीन सामन्यांत समोर नेमके हेच तीन संघ आले. कॅन्सस स्टेटविरुद्ध ७१-५८, ड्यूकविरुद्ध ६६-५९ आणि अंतिम सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध ८३-७९. तिन्ही कॅन्ससने जिंकले. अंतिम सामन्यात कॅन्ससच्या डॅनी मॅनिंगचे ३१ गुण आणि १८ रिबाउंड होते. २०२२ मध्येही तोच प्रकार दिसतो: जानेवारीत केंटकीने लॉरेन्समध्ये ८०-६२, म्हणजे १८ गुणांनी हरवले आणि एप्रिलमध्ये कॅन्ससने नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध १६ गुणांची पिछाडी भरून काढत ७२-६९ असा अंतिम सामना जिंकला. अंतिम सामन्यातली ही सर्वांत मोठी भरपाई आहे. घरचा दबदबा संघाला आत्मविश्वास देतो हे खरे, पण त्यावरून राष्ट्रीय स्पर्धेतल्या निकालाचा अंदाज बांधता येत नाही, एवढे हे आकडे स्पष्ट सांगतात.

१८९८ पासून या संघाला अवघे आठ प्रशिक्षक लाभले. त्यांतल्या एकाचेच पराभव विजयांहून जास्त आहेत: ५५ विजय, ६० पराभव. ते जेम्स नेस्मिथ, १८९१ मध्ये १३ नियम लिहून हा खेळ शोधणारे गृहस्थ. त्यांच्यानंतर आलेल्या फॉग ॲलन यांनी ३९ हंगामांत ५९० सामने जिंकले. क्रीडागृहाला नाव त्यांचेच. त्यांच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रप पुढे केंटकीत ८७६ सामने जिंकले आणि डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनात ८७९. एकूण विजयांच्या यादीत कॅन्ससचा मुख्य स्पर्धक आज केंटकीच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये २०१७-१८ च्या हंगामातले १५ विजय अपात्र खेळाडूमुळे रद्द झाले. कॅन्ससची बेरीज २,३८५ वरून २,३७० झाली आणि केंटकी पुढे गेले. ती वजाबाकी सोसूनही सेल्फ यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ५९१ वा विजय मिळवून ॲलन यांना मागे टाकले.

पैशांचा एक आकडा इथे नोंदवण्याजोगा आहे. फील्डहाउस बांधायला सुमारे २६ लाख डॉलर लागले. नेस्मिथ यांच्या नियमांची टंकलिखित दोन पाने डिसेंबर २०१० च्या लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरला गेली. ती आता फील्डहाउसला लागूनच असलेल्या इमारतीत आहेत. भाववाढ धरली तर १९५५ चे २६ लाख २०१० मध्ये दोन कोटींच्या वर जातात, त्यामुळे पाने इमारतीहून महाग ठरली असे म्हणता येणार नाही. पण दोन पानांना इमारतीच्या जवळपास पाचव्या हिश्श्याइतका भाव आला, हे खरे.

पुढच्या दोन हंगामांचा हिशेब असा: २०२३-२४ मध्ये २३ विजय, ११ पराभव, २०२४-२५ मध्ये २१ विजय, १३ पराभव. घरचे पराभव एकावरून तीनवर गेले, म्हणजे एकूण विजय दोनने घटले आणि घरचे पराभव दोनने वाढले. त्या तिनांपैकी शेवटचा, टेक्सास टेककडून ७८-७३ असा, १ मार्च २०२५ रोजी, इमारतीला सत्तर वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी. दोन्ही हंगामांच्या आरंभी पत्रकारांच्या क्रमवारीत कॅन्सस पहिल्या क्रमांकावर होता. पहिल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत एक सामना जिंकून तो बाद झाला, दुसऱ्या वर्षी एकही न जिंकता.